चाऱ्याला नुसता युरिया नको

संपादक महोदय,

चारापिकाला खत द्यायचे म्हटले की बहुतेकांचा हात युरियाच्या गोणीकडेच जातो. रान चार दिवसांत हिरवेगार होते, म्हणून ही सवय सुटत नाही. धान्यपिकाचा पालापाचोळा थोडा तरी रानात राहतो. चारा मात्र बुडख्यापासून कापून गोठ्यात जातो. संकरित नेपिअर या चाऱ्याच्या गवताचा १० टन हिरवा चारा कापला, की त्याबरोबर जमिनीतून ४० किलोच्या आसपास पालाश (पोटॅश) निघून जाते. युरियातून फक्त नत्र (नायट्रोजन) मिळते; पालाश परत दिले नाही तर पुढे फुटवे घटतात, काडी बारीक पडते, खालच्या पानांच्या कडा करपतात. नेमका त्याच वेळी युरिया वाढवला जातो.

खरे तर हे पालाश गोठ्यातच असते. जनावर त्याचा मोठा हिस्सा मूत्रावाटे टाकते आणि आपण तो धुऊन नालीत सोडतो! गोठ्याचे पाणी खड्ड्यात साठवून पाटाच्या पाण्यातून नेपिअरला द्यावे. रोज एकाच वाफ्यात सोडले तर क्षार साठतात, म्हणून वाफे बदलत राहावे.

लागवडीपूर्वी एकरी ८ ते १० टन शेणखत हवे, तेही पूर्ण कुजलेले: हाताला गरम न लागणारे, काडीकचरा ओळखू न येणारे. अर्धकच्च्या खताबरोबर हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि तणाचे बी येते. शिवाय काडीकचरा कुजवणारे जीवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. चांगल्या शेणखतातही नत्र अर्धा टक्काच, आणि पहिल्या हंगामात त्यातले थोडेच पिकाला मिळते. म्हणून नेपिअरला प्रत्येक कापणीनंतर एकरी २० ते २५ किलो युरिया द्यावाच, पण लगेच हलके पाणी देऊन. वर पडून राहिला तर अमोनिया होऊन उडतो.

लसूणघास या द्विदल चाऱ्याचे गणित वेगळे. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत राहून हवेतले नत्र धरणारे जीवाणू) चोळावे आणि पेरताना स्फुरद (फॉस्फरस) द्यावे. मुळावरची गाठ फोडल्यावर आत गुलाबी दिसली तर ती नत्र धरते आहे असे समजावे. अशा पिकाला वरचेवर युरिया दिला तर गाठी काम सोडतात.

आणखी एक, जिवावरचे. भरपूर युरियानंतर पाण्याचा ताण पडला तर ज्वारी-मक्याच्या बुडख्यात नायट्रेट साठते. तो चारा उपाशी जनावराने भरपेट खाल्ला तर धाप लागते, रक्त तपकिरी होते, वेळेवर उपचार न झाल्यास जनावर दगावते. असा चारा वीतभर बुडखा सोडून कापावा, सुक्या वैरणीत मिसळून थोडा थोडा घालावा; ताणानंतर पाऊस पडला तर आठवडाभर कापूच नये.

— एक चारा उत्पादक