सोहमच्या शेती विषयाबद्दल आई-बाबांना पत्र

काणकोण, गोवा

तीर्थरूप बाबा व तीर्थरूप सौ. आई यांना
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

काल रात्री दादाचा फोन आला होता. सोहमने नववीला शेती हा व्यावसायिक विषय घ्यायचे ठरवले आहे आणि ते तुम्हा दोघांनाही फारसे रुचलेले नाही, असे त्याच्याकडून कळले. बाबा, ‘शेणात हात घालायला शाळेत कशाला जायला हवे’ असे तुम्ही म्हणालात. आई, तुझी काळजी निराळी आहे. हा विषय घेतलेल्या मुलाला पुढे नोकरीला कोण उभे करील, हे तुला सतावते आहे. दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोन्ही नातवावरच्या मायेपोटी आलेल्या आहेत. मी हाच विषय इथल्या मुलांना शिकवते, म्हणून फोनवर घाईने चार शब्द बोलण्यापेक्षा सविस्तर लिहावे असे वाटले.

पहिली गोष्ट अशी की या विषयामुळे त्याची कोणतीही वाट बंद होत नाही. भाषा, गणित, विज्ञान हे सगळे त्याला इतर मुलांसारखेच शिकायचे आहे. उद्या त्याने पशुवैद्य व्हायचे मनात आणले, तर अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घ्यावे लागेल आणि नीटची परीक्षा द्यावी लागेल. नववी-दहावीतला हा विषय त्याच्या आड येणार नाही. उलट पेशी, अनुवंशिकता, पचनसंस्था हे धडे विज्ञानाच्या पुस्तकात येतील तेव्हा ते आपल्या गोठ्यात त्याने आधीच पाहिलेले असतील.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. या विषयाचे दोन भाग आहेत, पशुविज्ञान आणि शोभेची झाडे. पशुविज्ञानात शेण काढायला शिकवत नाहीत. जनावर मोजायला, त्याची नोंद ठेवायला आणि त्या नोंदीवरून निर्णय घ्यायला शिकवतात. एक उदाहरण देते. गेल्या महिन्यात आम्ही मुलांना घेऊन जवळच्या एका गोठ्यात गेलो. पाडीला वजनकाट्यावर उभे करण्याची सोय तिथे नव्हती. मुलांनी शिंप्याची फीत घेऊन पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजला, तो ११० सेंटिमीटर भरला. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंतची लांबी ९५ सेंटिमीटर भरली. घेराचा वर्ग करायचा, त्याला लांबीने गुणायचे आणि १०,८४० ने भागायचे, म्हणजे किलोमध्ये अंदाजे वजन निघते. उत्तर आले १०६. गणिताच्या तासाला मान खाली घालून बसणारा एक मुलगा तिथे सगळ्यांच्या आधी आकडा सांगून मोकळा झाला. आता हे वजन कशासाठी हवे? जंताच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि खाद्याचे प्रमाणही वजनावरच ठरते. अडीचशे किलोच्या गाईला दिवसाला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे सुमारे सव्वासहा किलो कोरडे अन्न लागते. हिरव्या गवतात पाणीच पंचाहत्तर ते ऐंशी टक्के असते, त्यामुळे पंधरा किलो हिरवा चारा घातला तरी त्यातून तिच्या पोटात खरे अन्न तीन ते पावणेचार किलोच जाते. उरलेले पेंढा, कोंडा आणि पेंडीतून भरून काढावे लागते. पावसाळ्यात गवत मुबलक असूनही गाईचे दूध का घटते, याचे उत्तर पुष्कळदा या साध्या हिशोबात सापडते.

बाबा, यातले बरेचसे तुम्हांला ठाऊक आहे, हे मला माहीत आहे. दात पाहून आदत, दोन दाती, चौसा, जुळलेली अशी वयाची पारख तुम्ही क्षणात करता. आमच्या पुस्तकात तीच गोष्ट चित्रांसह एका पानावर दिली आहे. तुम्ही सकाळी गाय माजावर दिसली की संध्याकाळी डॉक्टरांना बोलावता आणि संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. वर्गात आम्ही हाच नियम शिकवतो, फक्त त्याचे कारणही सांगतो. माज साधारण बारा ते अठरा तास टिकतो, बीजांड मात्र माज ओसरल्यानंतर काही तासांनी सुटते, म्हणून रेतन माजाच्या उत्तरार्धात करायचे. गाय उलटली तर पुढचा माज साधारण एकविसाव्या दिवशी पाहायचा, आणि गाभण राहिली तर सुमारे २८० दिवसांनी व्यायची तयारी ठेवायची. तुमचे हे ज्ञान तुमच्या डोळ्यांत आणि हातांत आहे. ते सोहमच्या वहीत उतरावे, एवढीच माझी इच्छा आहे. कारण दादाने नोकरी धरल्यापासून ते घेणारे घरात दुसरे कुणी उरलेले नाही.

चिकाचा विषयही या ओघात लिहिते, कारण तो मला फार महत्त्वाचा वाटतो. गाईच्या गर्भाशयातून वासराकडे रोगप्रतिकारक द्रव्ये जात नाहीत. वासरू त्या बाबतीत रिकाम्या हातांनीच जन्माला येते. ती सगळी शक्ती त्याला पहिल्या चिकातून मिळते, आणि ती शोषून घेण्याची त्याच्या आतड्याची क्षमता जन्मानंतर तासातासाने घटत जाऊन चोवीस तासांत जवळजवळ संपते. म्हणून पहिल्या एक-दोन तासांत वासराला चीक मिळालाच पाहिजे आणि दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा तरी पोटात गेला पाहिजे. गाईची वार (जार) पडेपर्यंत वासराला पिऊ द्यायचे नाही, ही समजूत आपल्या गावात अजून पुष्कळ घरी आहे आणि तिच्यामुळे वासरे दगावतात. आई, खरवसासाठी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा चीक घेतला तरी तो उत्तम होतो आणि शेजारीपाजारी वाटताही येतो.

आपल्या पांढऱ्या गाईबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. तिला आपण आजवर नुसती गावठी म्हणत आलो. नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत, अगदी पापण्यांच्या केसांसकट पांढरी असलेली ही गोव्याची गाय आता ‘श्वेत कपिला’ या नावाने देशी जात म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय पशू अनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंदली गेली आहे. त्याच ब्युरोने आमच्या बाजूच्या आगोंदच्या डुकरांनाही स्वतंत्र जातीचा मान दिला आहे. आपल्या घरी डुकरे पाळत नाहीत, पण माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या घरी ती आहेत, आणि घरच्या जनावराचे नाव पुस्तकात पाहिल्यावर त्या मुलांचे चेहरे जसे खुलतात ते तुम्ही पाहायला हवे होते. श्वेत कपिला दूध दिवसाला अडीच-तीन लिटरच देते. संकरित गाईशी तिची तुलना होणार नाही. पण दमट हवा, डोंगरउतार, गोचीड आणि साधे गवत यांत ती टिकते. अशा जातीच्या एकेका गाईची दूध, खाद्य आणि वेतांची नेमकी नोंद घरोघरी ठेवली जाणे ही खरी गरज आहे, आणि ते काम चौदा वर्षांचा मुलगाही उत्तम करू शकतो.

विषयाचा दुसरा भाग शोभेच्या झाडांचा आहे. नाव ऐकून हे हौसेचे काम वाटते. परंतु गोव्यात पोट भरण्याच्या दृष्टीने पाहिले, तर पहिल्या भागापेक्षा या भागाला मागणी अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या बागा, वसाहतींमधली हिरवळ, रोपवाटिका, लग्नसमारंभांची सजावट या सगळ्यांना झाडांची जाण असलेली माणसे लागतात. चवथीला आणि दसऱ्याला आपल्या बाजारात येणारी बरीचशी फुले घाटावरून येतात. म्हार्दोळच्या म्हाळसा संस्थानात जायांची पूजा होते, तिथे फुलकारांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली जाई पाहिली की आपल्या मातीत काय पिकू शकते ते कळते. भोपाळच्या पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेने माळीकाम व फुलशेती यांवर शाळांसाठी पुस्तके तयार केली आहेत, त्यांतून कुंड्यांची माती, सावलीची जाळी, छाटणी, कीड अशा गोष्टी क्रमाने शिकवल्या जातात.

आई, तू मागे मला विचारले होतेस की बाजारातून आणलेल्या त्या गडद रंगाच्या अबोलीला बी का धरत नाही, आणि तुझ्या जुन्या अबोलीच्या बोंडांवर पाणी पडले की ती तडतड फुटून बी इकडेतिकडे का उडते. बाजारातली ती ‘दिल्ली’ अबोली असणार. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात. बीज तयार होताना तीन संचांची नीट जोडणी होत नाही, म्हणून ती वांझ राहते आणि फांदीपासूनच वाढवावी लागते. बोटभर लांबीचा शेंडा पेराखाली कापायचा, खालची पाने काढायची, वाळू आणि काथ्याचा भुसा यांच्या ओलसर मिश्रणात खोचायचा आणि सावलीत ठेवायचा. पावसाळ्याच्या आरंभी हे काम चांगले साधते. क्रोटनची गुटी तर तू स्वतःच बांधतेस. सालीची बोटाच्या पेराएवढी पट्टी काढल्यावर पानांत तयार झालेले अन्न साल नसलेल्या जागी अडते, पाणी मात्र आतल्या लाकडातून वर चढत राहते, म्हणून फांदी जिवंत राहून कापाच्या वरच्या कडेला मुळे फुटतात. सोहम हे शिकून आला की तुझ्याच हातचे काम तुला नव्याने समजावून सांगेल.

एवढे असूनही या विषयाचे एक मोठे दुखणे आहे आणि ते तुमच्यापासून लपवण्याचे कारण नाही. जनावराशिवाय शिकवलेले पशुविज्ञान पोकळ असते. बहुतेक शाळांना गोठा नाही, आणि अधूनमधून नेलेल्या भेटींनी मुलांच्या अंगी सवय बाणत नाही. अमेरिकेत या अडचणीवर शंभर वर्षांपूर्वीच तोड काढण्यात आली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नॉर्थॅम्प्टनच्या शेतकी शाळेचे प्रमुख रूफस स्टिमसन यांनी १९०८ नंतर अशी पद्धत रूढ केली की मुलाने धडा शाळेत शिकावा, पण प्रकल्प आपल्या घरच्या शेतावर करावा आणि शिक्षकाने घरी येऊन तो पाहावा. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने तिथल्या शाळांतल्या शेतीशिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला, १९२८ मध्ये कॅन्सस सिटीत या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९६९ पासून तिने मुलींनाही प्रवेश दिला. आजही तिथे नववी ते बारावीच्या शाळांतून पशुविज्ञान आणि शोभेची बागाईत हे विषय शिकवतात, आणि वर्गाच्या जोडीला मुलाचा स्वतःचा प्रकल्प असतोच: कुणाचे कोकरू, कुणाची रोपवाटिका. त्या प्रकल्पाचा जमाखर्च मुलानेच लिहायचा असतो. त्यांची शेते आणि आपली कुळागरे, म्हणजे पोफळी-माडांच्या बागा, यांत काहीच साम्य नाही, तरीही हा एक भाग आपण जसाच्या तसा घ्यावा असे मला वाटते.

म्हणून माझी विनंती अशी आहे. बाबा, पांढऱ्या गाईची पाडी तुम्ही सोहमच्या स्वाधीन करावी. ती त्याच्या नावाची नुसती म्हणण्यापुरती नको. तिचे खाद्य, पाणी, फितीने वजन, लसीकरणाच्या तारखा आणि खर्च हे सारे त्याने सांभाळावे आणि एका वहीत लिहावे. तुम्ही बाजूला उभे राहून पाहावे, त्याने विचारले तर सांगावे, पण त्याची वही तुम्ही लिहू नये. पेंड विकत आणली तर तिची किंमत लिहायची, आणि कुळागरातले गवत कापले तर त्याची मजुरीही लिहायची, म्हणजे पुढे ती दुधाला आल्यावर दूध सोसायटीत घालून जे हाती येईल त्यातून खरोखर किती उरेल ते त्याला आत्तापासूनच कळू लागेल. तो आकडा कदाचित त्याला निराश करील. तरीही तो त्याने स्वतः काढलेला असावा, कारण या धंद्यात शिरायचे की नाही हे त्यावरून ठरवणे, कुणाच्या सांगण्यावरून ठरवण्यापेक्षा चांगले. आई, विहिरीकडच्या अबोलीच्या वाफ्यातली अर्धी जागा तू त्याला द्यावीस. चवथीच्या दिवसांत अबोलीच्या फात्या, म्हणजे गुंफलेले गजरे, विकून येणारे पैसे त्याच्या वहीत जमेच्या बाजूला पडतील.

आई, सोहमच्या नोकरीबद्दलच्या तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे एका वाक्याचे उत्तर नाही. सगळ्याच मुलांना यातून नोकरी लागते असे मी म्हणणार नाही. माझ्याकडून शिकून गेलेली काही मुले आज वेगळ्याच कामात आहेत. पण ज्याला पुढे याच वाटेने जायचे आहे त्याला केपे तालुक्यात सुळकर्णे येथे कृषी महाविद्यालय आहे, जुन्या गोव्याला एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, आणि ज्याला लगेच कमवायचे आहे त्याला बागकामात हात रिकामे ठेवावे लागत नाहीत. आपला सोहम तर जनावरांत रमणारा मुलगा आहे. त्याला दोन वर्षे हे करून पाहू द्यावे.

शाळेच्या अर्जावर दादाची सही लागेल आणि प्रकल्पाच्या रकान्यात पाडीची माहिती भरावी लागेल. तिच्या कानात पिवळा बिल्ला असेल तर त्यावरचा बारा अंकी क्रमांक, तिच्या जन्माची तारीख आणि आतापर्यंत कोणकोणत्या लसी टोचल्या ते एका कागदावर लिहून ठेवावे. बिल्ला अजून मारलेला नसेल, तर दादाने पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून पावसाआधी तो मारून घ्यावा. त्याच वेळी लाळ्या-खुरकुताच्या लसीचेही विचारावे. मी येत्या रविवारी येते तेव्हा फीत घेऊन येईन आणि पहिले वजन आपण सगळे मिळून करू.

वहिनीला आणि सोहमला आशीर्वाद, दादाला नमस्कार.

तुमची लाडकी,
माई