खंड्याचं रक्त

प्रिय सुध्या,

शिव्या दे, पण पत्र वाचून झाल्यावर. आठ महिने गप्प बसलो ते गणपतीतल्या भांडणामुळे नाही. म्हणजे थोडं तेही आहेच. तब्येत ठीक, गुडघा आहे तसा.

आमच्या कुत्रोबाचं, खंड्याचं सांगायचंय. त्याला पहिली फीट आली त्या रात्री तू इथे होतास. तू त्याच्या डोक्याखाली अंगातला नवाकोरा शर्ट काढून सरकवलास आणि मी कांदा शोधत घरभर धावत होतो. "कांदा राहू दे, हात त्याच्या तोंडापासून लांब ठेव," असं केवढ्यानं ओरडलास! खालचे आजोबा अजून विचारतात.

फीटचं औषध गार्डिनल सुरू झालं, सकाळ-संध्याकाळ 60 ची एकेक गोळी. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, दोन-तीन आठवड्यांनी रक्तातली औषधाची पातळी बघायची, मग दर सहा महिन्यांनी पातळी आणि लिव्हर. पहिली तपासणी केली, दुसरीही केली. मग म्हटलं, फीटच येत नाही तर त्या मुक्या जिवाला सुया कशाला टोचायच्या? ओळखीचा केमिस्ट जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देत राहिला, मी नेत राहिलो. तू फोनवर म्हणालास, "फीट थांबली हे तुला दिसतंय रे, आत लिव्हरचं काय चाललंय ते कोण बघणार?" आणि मी म्हणालो, "तू आधी स्वतःची शुगर तपास." चुकलंच.

पाण्याचं पातेलं दिवसातून चारदा भरत होतो, पोळ्यांवर तो तुटून पडायचा, अंगानं सुटला. या गोळीनं तहान-भूक वाढते हे ऐकलं होतं, म्हणून मी निश्चिंत. मागच्या महिन्यात जिन्यात मागचे पाय लटपटले. उचलून घेतला तर डोळ्यांचा पांढरा भाग हळद लावल्यासारखा.

रक्तात औषधाची पातळी 42 निघाली. 35 च्या वर लिव्हरला धोका वाढतो म्हणे. लिव्हर बनवतं ते प्रथिन, अल्ब्युमिन, तेही घसरलेलं. बाई रागावल्या नाहीत रे, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसती फाईल माझ्याकडे फिरवली आणि शेवटच्या तपासणीच्या तारखेवर पेन ठेवलं. दीड वर्ष!

आता गंमत अशी की गोळी एकदम बंदही करता येत नाही, फीट उसळून येतात. थोडी थोडी उतरवायची, सोबत दुसरी, लेव्हेटिरॅसिटॅम, दर आठ तासांनी. सहा, दोन, दहा. दुपारच्या दोनसाठी मी ऑफिसातून घरी पळतो. साहेबांना वाटतं माझं काहीतरी लफडं आहे. वाटू दे.

रात्री उठून त्याचे डोळे टॉर्चनं बघतो. कालपासून पिवळेपणा कमी वाटतोय, की मलाच तसं हवंय, कळत नाही. घरात कुणाला विचारायची सोय नाही. हिनं तपासणीची आठवण केली तेव्हा तिच्यावरही खेकसलो होतो.

वहिनींचं मोतीबिंदूचं नीट झालं ना? चिंगीला बारावीचे पेढे उधार आहेत म्हणावं.

बुधवारी पुन्हा रक्त काढायचंय. मंगळवारच्या रात्रीच्या गाडीनं जमलं तर ये. जुना शर्ट घालून ये. तो नवा खंड्यानं परत दिलेला नाही, त्यावरच झोपतो.

तुझा,
बाळ्या