कडवटपणाचं गणित मांडून दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

कुणी आभार मानू लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे. घरी बिअर करणाऱ्या बऱ्याच जणांना एक प्रश्न पडतो, तोच मी तुमच्याकडे घेऊन आलो होतो. रेसिपी एकच, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) तेच, पण रेसिपीच्या सॉफ्टवेअरमध्ये कडवटपणाचं सूत्र बदललं की आयबीयूचा, म्हणजे कडवटपणाच्या मापाचा, आकडा बदलतो. मग धरायचा कोणता?

एखाद्या सूत्राचं नाव सांगून तुम्ही मोकळ्या झाला असतात तरी माझं भागलं असतं. तुम्ही मात्र कागद पुढे ओढलात. २० लिटर वॉर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी), ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत वॉर्टची घनता) १.०५०, १० टक्के अल्फा ॲसिड (हॉप्समधला, कडवटपणा ज्यातून येतो तो घटक) असलेले ३० ग्रॅम हॉप्स, ६० मिनिटं उकळी. ३० ग्रॅममध्ये अल्फा ॲसिड ३ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे १५० मिलिग्रॅम. इथपर्यंत कुठल्याच सूत्राचं दुमत नाही. पुढचा प्रश्न असा, की या १५० पैकी किती अल्फा ॲसिडचं उकळीत कडू आयसो-अल्फा ॲसिड होऊन ते बिअरमध्ये टिकतं? टिन्सेथचं सूत्र २३ टक्के म्हणतं, रेगरचं जवळपास ३१. लिटरमागे एक मिलिग्रॅम म्हणजे साधारण एक आयबीयू, म्हणून एकीकडे ३५ आयबीयू, दुसरीकडे ४६. सॉफ्टवेअरचं कुठेच चुकत नव्हतं. दोन्ही अंदाजच, आणि ते हातानं मांडल्यावर मला पहिल्यांदा नीट दिसले. "एक सूत्र धरा आणि सोडू नका, नाहीतर तुमच्याच जुन्या बिअरशी तुलना करता येणार नाही," हे तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. मी टिन्सेथ धरलं.

पण माझ्या मते तुमची खरी मदत त्यानंतरची. सूत्राच्या वादात सगळे रमतात, सूत्रात काय भरायचं याकडे फारसं कुणी बघत नाही. तुम्ही सगळ्यात जास्त वेळ आकारमानावर घालवलात. उकळी संपल्यावर भांड्यात २३ लिटर वॉर्ट असेल, ३ लिटर गाळासोबत मागे राहणार असेल आणि फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) २० लिटर जाणार असेल, तर कडवटपणा त्या २३ लिटरमध्ये पसरलेला असतो. सॉफ्टवेअरनं २० धरले तर ३५ दिसतात, २३ धरले तर ३०. सूत्र तेच, हॉप्स तेच, तरी पाचाचा फरक. म्हणून सॉफ्टवेअरच्या उपकरण-नोंदीत गाळात राहणारं वॉर्ट वेगळ्या रकान्यात लिहायचं. वर हेही सांगितलंत, की उकळतं वॉर्ट थंड झाल्यावर साधारण ४ टक्के आकसतं, त्यामुळे पट्टी गरम वॉर्टमध्ये बुडवली की थंड, याचीही नोंद हवी. इतक्या बारकाईनं हे मला आधी कुणीच समजावलं नव्हतं.

अल्फा ॲसिडचं त्या मानानं सोपं. सॉफ्टवेअरच्या यादीतला आकडा त्या जातीची सरासरी असतो, आपल्या पाकिटावर त्या पिकाचा आकडा छापलेला असतो. १० च्या जागी ८ आला की आपल्या उदाहरणातले ३५ आयबीयू २८ होतात. हॉप्स उघड्या हवेत, उबेत राहिले तर अल्फा ॲसिड आणखी घटतं, म्हणून हवा काढून फ्रीझरमध्ये. ग्रॅव्हिटीचंही तसंच. १.०८० च्या दाट वॉर्टमध्ये तेवढेच हॉप्स टिन्सेथच्या हिशेबानं २६ च्या आसपासच देतात.

व्हर्लपूलवर, म्हणजे आच बंद केल्यावर गरम वॉर्ट गोल ढवळून त्यात हॉप्स ठेवण्याच्या टप्प्यावर, तर तुम्ही अख्खी संध्याकाळ दिलीत. मूळ टिन्सेथ सूत्रात उकळीची मिनिटं शून्य म्हणजे कडवटपणा शून्य. प्रत्यक्षात आच बंद केल्यावरही वॉर्ट गरम असेपर्यंत हे रूपांतर चालूच राहतं. ९० अंश सेल्सिअसला त्याचा वेग उकळीच्या वेगाच्या साधारण चार दशांश असतो, ८० अंशांना सहाव्या हिश्श्यावर येतो. तेव्हापासून मी व्हर्लपूलचं तापमान आणि वेळ दोन्ही भरतो. शेवटी घातलेल्या हॉप्सची बिअर आकड्यापेक्षा कडू का लागते, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

आणि मग तुम्ही माझी बिअर प्रयोगशाळेत स्वतः मोजून आणलीत. आम्लयुक्त केलेल्या बिअरमधून आयसो-ऑक्टेन या द्रावकानं कडू घटक काढायचे, २७५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं शोषण मोजायचं आणि त्याला ५० नं गुणायचं. हे तुम्ही सांगत असताना आयबीयू हा शब्द माझ्यासाठी पडद्यावरून उतरून हातात आला. मोजलेला आकडा सॉफ्टवेअरच्या थोडा खाली होता. टिन्सेथच्या सूत्रातला ४.१५ हा भागक आपल्या भांड्याप्रमाणे जुळवून घेता येतो, हे तुम्हीच सांगितलंत, आणि मी लगेच तो बदलायला निघालो तेव्हा थांबवलंतही. एका मोजमापावर भागक बदलायचा नाही, आधी वेगवेगळ्या ग्रॅव्हिटीच्या आणखी काही बिअर मोजू. तुमचा हा धीर मला फार मोलाचा वाटतो.

त्या बिअर आता तयार आहेत. प्रत्येक बाटलीवर भांड्यातलं थंड आकारमान, पाकिटावरचा अल्फा, उकळीची मिनिटं आणि व्हर्लपूलचं तापमान लिहिलं आहे, सॉफ्टवेअरचा आकडा मुद्दाम लिहिलेला नाही. तुमच्या सवडीचा दिवस कळवा, मी आणून देतो.

तुमचा ऋणी,
एक घरगुती बिअरकर्ता