नवापूर स्टेशन मुलांना दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सातवीच्या मुलांसाठी तुम्ही भर उन्हात नवापूर स्टेशनवर आलात, त्याबद्दल मनापासून आभार. रेल्वेतून निवृत्त झालात, तरी सिग्नलविषयी बोलताना तुमचा आवाज अजून ड्यूटीवरचाच वाटतो.

अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत असलेला बाक मुलांना ठाऊक होता. येणारा-जाणारा त्यावर बसून फोटो काढतो आणि निघून जातो. तुम्ही मात्र त्यांना बाकावरून उठवून फलाटावर चालायला लावलंत. तिकीट खिडकी नंदुरबार जिल्ह्यात, स्टेशन मास्तरांची खोली तापी जिल्ह्यात! एक मुलगी सीमेच्या पट्ट्यावर दोन्हीकडे पाय ठेवून बराच वेळ उभी होती.

मग तुम्ही विचारलंत, "आधी स्टेशन की आधी सीमा?" सगळी एका सुरात म्हणाली, "सीमा!" तुम्ही हसलात आणि तापी व्हॅली रेल्वेपासून सुरुवात केलीत. एका खासगी कंपनीने सुरतेहून अमळनेरपर्यंत टाकलेला हा मार्ग १९०० पर्यंत पुरा झाला होता. महाराष्ट्र-गुजरात ही राज्यं व्हायला अजून साठ वर्षं होती.

१९६० साली मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावं गुजरातला गेली. कायद्यात गावांच्या याद्या लागल्या आणि गावाची शीव ती राज्याची सीमा झाली. १ मे म्हटलं की आम्ही शिक्षक संयुक्त महाराष्ट्राचा लढा शिकवतो, आणि तो शिकवायलाच हवा. पण आमच्या कितीतरी मुलांच्या मामाचं गाव गुजरातेतल्या उच्छल तालुक्यात आहे. आपल्या घरातलं नातं या इतिहासात कुठे बसतं, हे त्यांना तुमच्यामुळे कळलं.

स्टेशनवर घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत होतात. मुलं घरी बोलतात ती मावची. तुम्ही मध्येच मावचीत बोलायला लागलात, तेव्हा मागे उभी असलेली लाजरी पोरंही पुढे सरकली. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एकाने तर तुम्हाला लागोपाठ प्रश्न विचारले. त्यासाठी तुमचे वेगळे आभार मानते.

मुलांनी स्टेशनचे नकाशे काढले आहेत. येत्या आठवड्यात ते तुमच्याकडे पाठवते. रुळांचे सांधे बदलायची जागा बरोबर दाखवली आहे का, तेवढं बघून द्या.

तब्येतीची काळजी घ्या. काकूंना नमस्कार.

आपली,
मुलांची बाई