बाबांना नेपल्सला नेत आहे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगितले असते तर बाबांनी दुसऱ्याच वाक्याला विषय बदलला असता आणि आईने “आधी तब्येत, मग बाकीचे” म्हणून तो तिथेच मिटवला असता. म्हणून पत्र लिहीत आहे. एप्रिल महिन्यात मी बाबांना इटलीतील नेपल्स शहरात नापोली या तिथल्या फुटबॉल संघाचा सामना पाहायला नेणार आहे. विमानाची तिकिटे काढून झाली आहेत, राहण्याची जागा ठरली आहे, माझी रजाही मंजूर झाली आहे. तुम्हाला न विचारता ठरवले याचा राग येईल, हे मला ठाऊक आहे. पण बाबा, याआधी मी तीन वेळा विचारले आणि तिन्ही वेळा तुम्ही “पुढच्या वर्षी पाहू” म्हणालात. पहिल्या वेळी दादाचे कारण होते, दुसऱ्या वेळी घराचे, तिसऱ्या वेळी तर कारणही नव्हते. म्हणून या खेपेस आधी ठरवले आणि मग कळवते आहे.

खरे सांगायचे तर हे २५ नोव्हेंबर २०२० पासून माझ्या मनात आहे. अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू मॅराडोना गेल्याचे कळताच तुम्ही मला फोन केला होता. मी कामात होते, “नंतर करते” म्हणाले, आणि ते नंतर चार दिवसांनी उजाडले. तोवर तुमचे सांगायचे राहून गेले होते; मुलांच्या अभ्यासाची चौकशी केलीत आणि फोन आईकडे दिलात. त्याबद्दल तुम्ही मला कधी एक शब्द बोलला नाहीत, आणि नेमके तेच मला इतकी वर्षे बोचत आले आहे. ज्याचा खेळ दाखवण्यासाठी तुम्ही मला आठव्या वर्षी मध्यरात्री झोपेतून उठवले होते, तो गेला त्या रात्री तुम्हाला माझ्याशीच बोलायचे होते, आणि मी फोन ठेवून दिला.

२२ जून १९८६. तारीख तुमच्या निळ्या वहीत आहे, पण मला ती वही न उघडताही आठवते. मेक्सिको सिटीचे अ‍ॅझ्टेका स्टेडियम, उपांत्यपूर्व फेरी, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. ५१व्या मिनिटाचा तो हाताने केलेला गोल मी पाहिला नाही, कारण मी झोपले होते. तुम्ही मला त्यानंतर उचलून आणलेत आणि मी डोळे चोळत तुमच्या मांडीवर बसते न बसते तोच, पहिल्या गोलनंतर अवघ्या चार मिनिटांनी, त्याने स्वतःच्या अर्ध्या मैदानात चेंडू घेतला आणि इंग्लंडचे खेळाडू एकामागून एक मागे टाकत शेवटी गोलरक्षक शिल्टनलाही चकवले. “पहिला चोरीचा होता, पण दुसऱ्याने तो फेडला,” असे तुम्ही म्हणालात. मला त्यातले काही कळले नाही. एवढेच कळले की बाबांचा आवाज थरथरतो आहे, आणि तो रागाने नव्हे. तुमच्या सदऱ्याचा वास, आईने दिव्याची वात बारीक करावी तसा टीव्हीचा आवाज बारीक करणे, हे सगळे मला त्या गोलइतकेच स्पष्ट आठवते.

मग मेक्सिकोलाच का नाही, असे तुम्ही विचाराल. तो विचार मी आधी केला होता. पण मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तिथे विरळ हवेत धडधाकट माणसालाही पहिले काही दिवस दम लागतो. स्टेंट बसवलेल्या माणसाला तिथे नेऊन पायऱ्या चढायला लावणे मला पटले नाही. अर्जेंटिनातील ब्यूनस आयर्सचाही विचार केला, पण तो प्रवास फार लांबचा. नेपल्स समुद्राकाठी आहे, एप्रिलमध्ये तिथे ना कडाक्याची थंडी ना ऊन, आणि मुख्य म्हणजे त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी सात वर्षे त्याच गावात गेली. आई, हे तुझ्यासाठी लिहिते, बाबांना सांगण्याची गरज नाही. १९८४ मध्ये तो बार्सिलोना सोडून नापोलीकडे आला तेव्हा त्या संघाने इटलीची लीग एकदाही जिंकलेली नव्हती. १९८७ मध्ये त्यांनी ती पहिल्यांदा जिंकली, १९८९ मध्ये युरोपातील संघांचा यूईएफए चषक मिळवला आणि १९९० मध्ये लीग पुन्हा जिंकली. त्यानंतर तेहतीस वर्षे लीग नाही. मग २०२३ आणि २०२५. त्याने घातलेला दहा क्रमांक तिथे आता कोणालाच दिला जात नाही, आणि तो गेल्यावर काही दिवसांतच सान पाओलो स्टेडियमला त्याचे नाव दिले गेले.

बाबा, त्याच मैदानावर ३ जुलै १९९० ला अर्जेंटिना आणि इटलीचा उपांत्य सामना झाला होता. स्किलाचीचा गोल, कानिजियाची बरोबरी, आणि मग पेनल्टी. नेपल्सचे लोक देशाच्या बाजूने ओरडतील की आपल्या माणसाच्या, हा प्रश्न तुम्हाला आठवडाभर पडला होता. पाच दिवसांनी रोममध्ये अंतिम सामना हरल्यावर तो रडला आणि तुम्ही त्या रात्री आमच्यापैकी कोणाशीच बोलला नाहीत. तो प्रश्न तुम्ही आता त्या गावात बसून, तेव्हा तिथे असलेल्या एखाद्या तुमच्याच वयाच्या गृहस्थांना विचारावा, अशी माझी फार इच्छा आहे. भाषेचे मी पाहून घेईन.

आई, आता तुझ्या काळजीविषयी. २००६ च्या विश्वचषकात म्युनिकच्या परिसरातील डॉक्टरांनी केलेल्या पाहणीबद्दल तू मागे मला सांगितले होतेस. मी ती काढून वाचली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या तक्रारी नेहमीच्या २.६६ पट झाल्या होत्या, आणि ज्यांना हृदयविकार आधीपासून होता त्यांना धोका अधिक होता. हे मी नाकारत नाही. म्हणूनच तर मी युव्हेंटस या बलाढ्य संघाविरुद्धचा सामना सोडून गुणतक्त्यात मधल्या जागेवर असणाऱ्या एका संघाविरुद्धचा निवडला आहे. बाबांना हे आवडणार नाही, पण तिथे त्यांच्या देशाची बाजी लागलेली नसेल, पेनल्टी नसतील, आणि ज्याच्यासाठी त्यांचा जीव टांगणीला लागायचा तो मैदानात नसेल. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांशी मी स्वतः बोलले आहे. प्रवासाला त्यांची परवानगी आहे. तपासणी आणि पत्र मात्र निघण्याच्या महिनाभर आधी घ्यायचे आहे.

तू येणार नाहीस हे तू मागेच, हा विषय निघाला होता तेव्हा, फोनवर अगदी सहज सांगितलेस, “तुम्ही दोघे जाऊन या, मला काय कळते त्यातले” असे. तेव्हा मी हो म्हणाले, पण नंतर वाटत राहिले की गुडघ्यांमुळे आपला अडथळा होईल म्हणून तू तसे म्हणाली असशील. तसे असेल तर मला सांग. तुझ्या तिकिटाचा अजूनही विचार करता येईल, आणि तुझ्यासाठी सामना सोडून समुद्राकाठी बसणेही मला चालेल. आणि खरोखरच नको असेल तर ते नऊ दिवस मावशी तुझ्याकडे येऊन राहणार आहे. मी तिच्याशी बोलून ठेवले आहे. मावशी आली म्हणून सगळे काम अंगावर घेऊ नकोस, आणि रात्री आम्हाला फोन करताना “सगळे ठीक आहे” एवढेच सांगून ठेवू नकोस. काय झाले ते नीट सांगायचे.

बाबा, एक गोष्ट मी तुम्हाला न दुखवता सांगण्याचा प्रयत्न करते. विमानतळांवर मी तुमच्यासाठी व्हीलचेअरची मदत मागवली आहे. तुम्ही चालू शकत नाही म्हणून नव्हे; रोज सकाळी तुम्ही किती चालता हे मला माहीत आहे. पण मधल्या विमानतळावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणे आणि मग पासपोर्टच्या रांगेत उभे राहणे यातच तुमचे पाय थकले, तर ते स्टेडियमसाठी उरणार नाहीत. त्या खुर्चीत बसलेले तुम्हाला पाहणारे तिथे कोणी ओळखीचे नसेल; मीच काय ती शेजारी असेन, आणि लहानपणी लस टोचल्यावर तुम्ही मला खांद्यावरून घरापर्यंत आणले होते, तेव्हा मी चालू शकत होते हे आपल्या दोघांनाही ठाऊक होते.

राहण्याची जागा मेर्जेलिना भागात, समुद्रालगत घेतली आहे. इमारतीला लिफ्ट आहे याची मी दोनदा खात्री करून घेतली, कारण जुन्या इमारतींत ती असेलच असे नसते. समोरचा समुद्रकाठचा रस्ता सपाट आहे, त्यामुळे सकाळचे फिरणे चुकणार नाही, आणि फिरताना समोर व्हेसुव्हियस दिसेल. घरात छोटे स्वयंपाकघर आहे. इटलीत रात्रीचे जेवण उशिरा असते आणि तुम्हाला ते लवकर लागते, म्हणून ही सोय मुद्दाम पाहिली. साधे, कमी मिठाचे जेवण मी तुमच्या वेळेला करून देईन. सकाळचा पहिला चहाही. तुमच्या खोलीची खिडकी मागच्या बाजूला आहे, म्हणजे रस्त्याच्या आवाजाने झोपमोड होणार नाही. मेर्जेलिनाहून भुयारी रेल्वेने दुसरेच स्थानक कांपी फ्लेग्रेई, आणि तिथून स्टेडियम हाकेच्या अंतरावर आहे. स्पॅनिश क्वार्टर्समधील भिंतीवरचे त्याचे मोठे चित्र, १९९० साली काढलेले, ते आपण सकाळी गर्दी व्हायच्या आत पाहू. तो भाग चढाचा आहे, पण तोलेदो स्थानकाचे एक दार थेट वर मोंतेकाल्व्हारियोला निघते, त्यामुळे खालून गल्ल्या चढाव्या लागणार नाहीत.

सामन्याचे तिकीट मात्र अजून हाती नाही, हे मी लपवत नाही. तिथे तिकिटांची विक्री सामन्याच्या थोडेच दिवस आधी सुरू होते, आणि सामना शनिवारी, रविवारी की सोमवारी, हेही उशिरा जाहीर होते. म्हणून आपण शुक्रवारपासून मंगळवारपर्यंतचे सगळे दिवस तिथेच राहणार आहोत, आणि याच कारणाने मोठा सामना घेतला नाही. गोलच्या मागे, कुर्वामध्ये, लोक पूर्ण वेळ उभे राहून गातात. तुम्हाला तिथेच बसावेसे वाटेल, पण मी बाजूच्या त्रिब्यूनातील, कमी पायऱ्यांच्या जागा घेणार आहे. गाणे तिथूनही ऐकू येईल. मैदानाभोवती धावण्याची पट्टी असल्यामुळे खेळाडू थोडे दूर दिसतात, म्हणून लांबचा चष्मा नवा करून घ्या.

आता काही कामे, आणि यात हयगय नको. सामन्याचे तिकीट पासपोर्टवरील नावाने निघते आणि दारात तो पाहतात, म्हणून पासपोर्टची मुदत आजच पाहा. परतीच्या तारखेनंतर तो किमान तीन महिने वैध लागतो आणि दोन पाने कोरी लागतात. इटलीला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे स्वतः जाऊन द्यावे लागतात. त्या दिवशी मी येईन, एकटे जायचे नाही. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे, तो मी काढते. अर्जात तुमचा जुना आजार मी लिहिणार आहे, “कशाला सांगायचे” असे म्हणू नका. गोळ्या जितक्या दिवसांच्या लागतील त्यापेक्षा आठवडाभराच्या जास्त घ्यायच्या आणि हातातल्या पिशवीत ठेवायच्या, सामानात नाही. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, तीही औषधांच्या मूळ नावांची, कारण आपल्याकडची कंपनीची नावे तिथल्या औषधांच्या दुकानात चालणार नाहीत. रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही. विमानात तुमची जागा वाटेच्या बाजूची आहे. दर दोन तासांनी उठून चार पावले टाकायची आणि पाणी पीत राहायचे. नवे बूट घ्यायचे असतील तर आत्ता घ्या आणि पायात रुळवा. आणि काकांना व्हिसा हातात येईपर्यंत काही सांगू नका. मागच्या वेळचे मला पुन्हा नको आहे.

एवढे हुकूम सोडल्याबद्दल रागावू नका. पैशांचा विषयही काढू नका. ते मी याच कामासाठी वेगळे ठेवत आले आहे, त्यात मुलांच्या शिक्षणाचे काही घेतलेले नाही. तिथे गेल्यावर तुम्हाला बरे वाटले नाही तर आपण सामना सोडून घरी बसू, आणि त्याचे मला जराही वाईट वाटणार नाही. फक्त तुम्ही छातीत काही झाले तर ते सामना संपेपर्यंत लपवणार नाही, एवढे वचन मला हवे आहे. हे मात्र पत्राने नको, समोरासमोर.

पुढच्या रविवारी मी येते. पासपोर्ट, जुने ईसीजी आणि निळी वही बाहेर काढून ठेवा.

तुमची,
मनू

ता. क. आई, डॉक्टरांची वेळ घेतलीस की तो कागद बाबांकडे देऊ नकोस, तुझ्याच कपाटात ठेव. आणि ते हे पत्र वाचून काहीच न बोलता बाहेर फेरफटका मारायला गेले, तर त्यांना जाऊ दे. परत आल्यावर मला एक फोन कर.