तयार खाऊ पाकिटाच्या आधीही होता

महोदय,

लहानपणीच्या खाऊच्या आठवणी निघाल्या, की आमच्या पिढीची माणसे बिस्किटांचा पुडा, नारंगी गोळ्या आणि १९८३ मध्ये भारतात आलेली मॅगी यांच्यापाशी येऊन थांबतात. मलाही हे सारे प्रिय आहे. दहाही बोटांत पोंगे घालून ते एकेक करून खाण्याचा आनंद मी विसरलेलो नाही, आणि मॅगीचे पहिले पाकीट आईने चुलीवर गंजात शिजवले तेव्हा आम्ही चौघे भावंडे जाळाभोवती बसून होतो, तेही मला स्पष्ट आठवते. परंतु ऐनवेळी हाताशी येणारे अन्न पाकिटासोबतच आमच्या गावात आले, ही समजूत मला खटकते.

सातूच्या पिठाचेच पाहा. नावात सातू, म्हणजे जव, असला तरी आमच्याकडे ते गहू आणि हरभऱ्याच्या डाळीचे होत असे. आई गहू ओलवून कांडायची, वाळवून खमंग भाजायची, त्यात भाजलेली डाळ व थोडी सुंठ घालून दळून आणायची. उन्हाळ्यात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायला शेतात गेलो, की गुळाच्या पाण्यात हे पीठ कालवायचे. चूल पेटवण्याची गरजच नसे. वाळल्या बोरांच्या पुडीची, म्हणजे बोरकुटाची, गोडी तर शाळेच्या दप्तरापर्यंत पोहोचलेली होती. शेवया आणि कुरडया वर्षभर डब्यांत असत, आणि त्यांसाठी मे महिन्यात आळीतल्या बाया आज एकीच्या अंगणात तर उद्या दुसरीच्या, अशा पहाटेपासून राबत. आम्हा मुलांना जे क्षणात मिळे, त्यामागे त्यांचे असे कितीतरी दिवस गेलेले असत, आणि त्याची नोंद कोठेही नाही.

म्हणून विनंती आहे, की आपल्या दैनिकाने विदर्भातील गावोगावच्या वृद्ध स्त्रियांकडून या कृती प्रमाणासह मिळवून, त्यांच्याच शब्दांत क्रमशः छापाव्यात. आई होती तोवर मी तिला प्रमाण कधी विचारले नाही. गेल्या महिन्यात मोठ्या काकूंकडून सातूचे तेवढे लिहून घेतले: दोन पायल्या गव्हाला एक पायली डाळ, आणि सुंठ ‘तुह्या मुठीनं नाही, माह्या मुठीनं’ एक मूठ.

आपला,
एक वाचक,
ता. आर्णी, जि. यवतमाळ