सहा सेकंदांचं भांडण

प्रिय दिलप्या,

चार महिने उत्तर नाही; शिव्या घाल, चालतील. तब्येत बरी. तुझ्या बॉक्सर बंड्याचं कळलं, म्हणून लिहायला बसलो.

'डोक्यावर ठोसा बसून पडला, लगेच उठला, हसला, शनिवारी पुन्हा रिंगमध्ये' असं कळवलंस. अरे, आपला पोर्तो रिकोचा बॉक्सर बेनितेस आठव. १९७६ला सान हुआनमध्ये सर्वान्तेसला १५ राउंडांत हरवून १७व्या वर्षी जगज्जेता. त्याहून लहान आजवर कुणी नाही. दोरांना टेकून असे ठोसे चुकवायचा की लोक 'रडार' म्हणायचे. सरावाचा मात्र कंटाळा. (कोणाची आठवण येते, सांगू?)

त्याच्या शुगर रे लिओनार्डशी झालेल्या लढतीत रेफरी पडियाने शेवटची घंटा व्हायच्या सहा सेकंद आधी लढत थांबवून त्याच्यावर अन्याय केला, हे तुझं पालुपद. बाबा रे, गुण देणाऱ्या तिन्ही पंचांकडे लिओनार्डच पुढे होता! त्या सहा सेकंदांत फक्त आणखी मार मिळाला असता. घात नंतर झाला. १९८२ला बेनितेस थॉमस हर्न्सकडून हरला तेव्हा जेमतेम २४ वर्षांचा, तरी १९९०पर्यंत लढतच राहिला. १९८६ला अर्जेंटिनात हरून वर्षभर तिथेच अडकला. पुढे ठोशांनी मेंदू निकामी होत गेला, तेव्हा आईने सांभाळला, २००८ला ती गेल्यावर बहिणीने. नोंदीत ६२ लढती आहेत. स्पॅरिंगचे, म्हणजे सरावाच्या लढतींतले ठोसे कोण मोजतं?

हेडगार्ड भुवई वाचवतं रे, मेंदू नाही. हनुवटीवर हूक बसला की डोकं गर्रकन फिरतं आणि आतले तंतू ताणले जातात. ते सावरायच्या आत दुसरा दणका बसला, तर हलकासुद्धा महागात पडतो.

तेव्हा बंड्याचा शनिवार रद्द. पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी. मग चालणं, मग शॅडो (हवेत ठोसे), मग बॅगवर ठोसे, मग कोचच्या हातातल्या पॅडवर; प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. डोकं दुखलं की एक पायरी मागे. स्पॅरिंग महिनाभर बंद, नंतरही डॉक्टरने हो म्हटलं तरच. उलट्या, वाढती डोकेदुखी, झापड, एका डोळ्याची बाहुली मोठी, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. आणि त्याला विचारू नकोस, तो खोटंच बोलणार. त्याच्या आईला विचार: झोप कशी आहे, चिडतो का, सांगितलेलं विसरतो का.

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकटीचा निकाल लागला का? पेढे राहिलेत.

राउंडचं घड्याळ तुझ्याकडेच आहे, परत कर.

तुझा,
नान्या